वाचकांचे प्रश्न : पदवीचे विद्यार्थी, प्राध्यापकांचे संशोधन आणि देणगीदारांचा पैसा

मागील एका अंकात मी लिहिले होते की, आपल्या जुन्या महाविद्यालयाला देणगी द्यायची असेल तर ती प्राध्यापकांच्या संशोधनात पदवीच्या मुलामुलींना सामावून घेता येईल अशा कामासाठी द्यावी. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काही देणगीदारांची आहेत, काही शिक्षकांची, आणि एका विद्यार्थ्याचे पत्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आमची १९८९ सालची बी.एस्सी.ची तुकडी. सर्वांनी मिळून १२ लाख रुपये जमवले आहेत. प्राचार्यांनी रसायनशास्त्र विभागासाठी एक मोठे उपकरण सुचवले असून त्यावर तुकडीच्या नावाची पट्टी बसवण्याचे मान्य केले आहे. आमच्यापैकी काही जणांना मात्र पैसे ‘मुलांच्या संशोधनासाठी’ द्यावे असे वाटते. म्हणजे नेमके कशासाठी द्यायचे?
— निवृत्त अभियंता, चिंचवड

उत्तर : उपकरणाला माझा विरोध नाही, पण होकार देण्यापूर्वी प्राचार्यांना एक गोष्ट विचारावी. गेल्या दहा वर्षांत जडवस्तू नोंदवहीत चढलेली मोठी उपकरणे कोणती आणि त्यांपैकी आज चालू स्थितीत किती आहेत? पितळी पट्टी लावलेले आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकून ठेवलेले यंत्र मी एकाहून अधिक महाविद्यालयांत पाहिले आहे. ते बिघडलेलेच असते असे नाही. देखभालीचा वार्षिक करार पुढे चालू ठेवलेला नसतो, त्याला लागणारी रसायने दोन वर्षांपूर्वी संपलेली असतात, आणि ते चालवायला शिकलेला शिक्षक तासिका तत्त्वावरचा असल्यामुळे दुसऱ्या गावी गेलेला असतो. अशा ठिकाणी आणखी एक यंत्र गेले तर आणखी एक आच्छादन लागेल, इतकेच.

मुलांच्या संशोधनासाठी पैसा देणे म्हणजे तीन खर्च उचलणे. पहिला विद्यार्थ्याच्या विद्यावेतनाचा, दुसरा रसायने, काचसामान, प्रवास, छायाप्रती यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या पण काम अडवून ठेवणाऱ्या गोष्टींचा, आणि तिसरा शिक्षकाचा वेळ मोकळा करण्याचा. या तिन्हींत विद्यावेतन मी सर्वांत आधी ठेवतो, कारण ते नसेल तर संशोधनाला कोण येते हे ठरलेले असते : ज्याच्या घरी सुट्टीतल्या दोन महिन्यांच्या कमाईवाचून काही अडत नाही, तो. बाकीची मुले, त्यांत वर्गातली सर्वांत चौकस मुलेही आली, मे महिन्यात दुकानात, शेतावर किंवा शिकवणी वर्गात कामाला असतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना सुरू केली. तिचे आरंभीचे पैसे पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी दिले. लँड यांनी १९५७ साली त्याच संस्थेत दिलेल्या व्याख्यानात असे मांडले होते की, विद्यार्थ्याला महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासूनच स्वतःचा म्हणता येईल असा संशोधनाचा विषय मिळाला पाहिजे. पुढे बारा वर्षांनी त्यांनी त्या म्हणण्यापाठी पैसा उभा केला. त्या योजनेत विद्यार्थी पगार घेऊन काम करू शकतो किंवा त्याऐवजी पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक (क्रेडिट) घेऊ शकतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९७९ साली उन्हाळी संशोधनाची योजना काढली. तेथे मार्गदर्शकाशी बोलून प्रस्ताव विद्यार्थी स्वतः लिहितो, दहा आठवडे काम करतो, मध्ये अहवाल देतो आणि शेवटी सर्वांसमोर व्याख्यान देतो. अनेक देणगीदारांच्या नावाने तेथे एकेका विद्यार्थ्याची उन्हाळी छात्रवृत्ती चालते. तुमच्या तुकडीला नाव हवे असेल, आणि ते हवेसे वाटण्यात काही गैर नाही, तर यंत्रावरच्या पट्टीपेक्षा ते अशा छात्रवृत्तीला द्यावे.

आता तुमच्या १२ लाखांचा हिशेब. आठ आठवड्यांच्या कामासाठी एका विद्यार्थ्याला २० हजार रुपये विद्यावेतन, १० हजार रुपयांचे साहित्य आणि ५ हजार रुपये प्रवास व छपाईसाठी, असे ३५ हजार मी धरतो. भारत सरकारच्या ‘इन्स्पायर’ छात्रवृत्तीतही वर्षाच्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी संशोधनासाठीच ठेवलेले आहेत, त्यामुळे हा आकडा हवेतला नव्हे. सारी रक्कम कायम निधी म्हणून ठेवली आणि ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ८४ हजार येतील. त्यात दोन विद्यार्थी बसतील आणि उरलेले १४ हजार मुद्दलात परत घालता येतील. ते घालावेच लागतील, नाही तर महागाई निधीला आतून पोखरत राहील. दुसरा मार्ग असा की, दर वर्षी २ लाख याप्रमाणे सहा वर्षे द्यावे. मग एकाच वेळी पाच विद्यार्थी काम करू शकतात. मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो. दोन विद्यार्थी म्हणजे दोन अपवाद असतात. पाच जण एकत्र आले की ते दुपारच्या डब्याला एकमेकांना चुका सांगतात, पुढच्या वर्षी येणाऱ्यांना शिकवतात, आणि विभागाला त्या कामाची सवय लागते. सहा वर्षांत अशी सवय लागली तर सातव्या वर्षी दुसरी एखादी तुकडी पुढे येईल. नाही लागली, तर कायम निधीनेही लागली नसती.

देणगीपत्रात मात्र सर्व काही स्पष्ट लिहावे. पैसा कोणत्या कामासाठी आहे, कशासाठी वापरता येणार नाही, निवड कोण करणार, हिशेब कधी मिळणार आणि योजना बंद पडली तर शिल्लक कोठे जाईल, हे सुरुवातीलाच लिहिलेले बरे. कायम निधी करायचा असेल तर तसा शब्द पत्रात असलाच पाहिजे, कारण त्याविना रक्कम चालू खर्चात विरून जाऊ शकते. आपल्याकडील बहुतेक शिक्षण संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात आणि त्यांचे हिशेब दर वर्षी तपासले जातात. तेव्हा असे पत्र मागितल्याने संस्थेचा अपमान होतो असे समजू नये. एक बारीक पण महत्त्वाची अट जरूर घालावी, की विद्यावेतन दर महिन्याला विद्यार्थ्याच्या खात्यावर थेट जमा व्हावे. पदवी हातात पडल्यानंतर मिळालेल्या विद्यावेतनाचा त्या मे महिन्यात काहीही उपयोग झालेला नसतो.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची कोरडवाहू शेती आहे. सुट्टीत मी औषधांच्या दुकानात काम करतो आणि त्यातून पुढच्या वर्षीचा खोलीभाड्याचा व पुस्तकांचा खर्च निघतो. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी या उन्हाळ्यात त्यांच्या प्रकल्पावर काम करायला बोलावले आहे. मला मनापासून जायचे आहे, पण दोन महिने फुकट काम करणे परवडणार नाही. सरांना पैशांबद्दल विचारले तर त्यांना काय वाटेल?
— विद्यार्थी, लातूर जिल्हा

उत्तर : तू विचारावेस, आणि संकोच न करता विचारावेस. विद्यार्थ्याने कष्ट करून शिकावे आणि त्या कष्टांचे मोल त्याला मिळावे, हा विचार महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागलेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत तेथे महाविद्यालयीन शिक्षणात रुजवली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे बोधवाक्य आहे. आज अनेक महाविद्यालयांत या योजनेखाली मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करतात. मग सरांच्या प्रकल्पासाठी वनस्पतींचे नमुने गोळा करणे, ते वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवणे, दर दिवशी कागद बदलणे आणि प्रत्येकाची ओळख पटवून नोंद करणे, हे त्यापेक्षा कमी प्रतीचे काम कसे?

सरांना साध्या शब्दांत सांग : ‘सर, मला हे काम करायचे आहे. सुट्टीत मी दुकानात जातो आणि त्यातून माझा पुढच्या वर्षीचा खर्च निघतो. महाविद्यालयाकडून किंवा माजी विद्यार्थी संघाकडून काही विद्यावेतनाची सोय होऊ शकेल का?’ कित्येक शिक्षकांना आपला विद्यार्थी सुट्टीत काय करतो हे ठाऊकच नसते. मलाही नव्हते. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पाला नकार दिला तेव्हा मी त्याला आळशी ठरवले होते, आणि तो रात्री पेट्रोल पंपावर काम करतो हे मला वर्ष संपल्यावर कळले. त्याने तोंड उघडले असते तर मी खटपट केली असती. पण विचारायला मीच हवे होते, हेही तितकेच खरे.

सोय झाली नाही तरी इतर वाटा आहेत. भारतातील तीन विज्ञान अकादम्या मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या नामवंत संस्थेतील संशोधकाकडे काम करता येते. त्याचा अर्ज कित्येक महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी आतापासून लक्ष ठेव. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे २००४ पासून पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय उपक्रम चालतो, ज्यात सुट्ट्यांमध्ये शिबिरे होतात आणि निवडलेल्या मुलांना पुढे मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करता येतो. आणि एक सावधगिरीची गोष्ट. संशोधनाचा अनुभव व प्रमाणपत्र देतो असे सांगून जो कोणी तुझ्याकडेच शुल्क मागेल, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

प्रश्न : मी ग्रामीण महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. आठवड्याला १६ तास शिकवणे, त्यावर परीक्षांची कामे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची कागदपत्रे, प्रवेशाचे काम. माझे स्वतःचे संशोधन कसेबसे चालते. त्यात पदवीची मुले घेतली तर ती काचसामान फोडतात आणि त्यांचे आकडे वापरता येत नाहीत. आपला आग्रह आदर्श वाटतो, व्यवहार्य वाटत नाही.
— सहायक प्राध्यापक, विदर्भ

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. पदवीचा विद्यार्थी पहिले तीन-चार आठवडे शिक्षकाला मदत करत नाही. तो शिक्षकाचा वेळ घेतो. हा खर्च आहे, आणि देणगीदारांनी तो ओळखला पाहिजे. म्हणूनच शिक्षकाचा वेळ मोकळा करणे हा तिसरा खर्च मी वर सांगितला. देणगीतून उन्हाळ्यापुरता एखादा एम.एस्सी. झालेला सहायक नेमता आला, तर द्रावणे तयार करणे, मुलांना ब्युरेट धरायला शिकवणे, नोंदवह्या रोज तपासणे ही कामे तो करू शकतो. तुम्ही दिवसातला एक तास दिला तरी पुरते. माझा सल्ला आहे की पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी घ्यावे, आणि त्यांतला एक दुसऱ्या वर्षाचा असावा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तो नव्यांना शिकवू शकतो.

त्यांच्या आकड्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो. मी रसायनशास्त्र शिकवत असे. आमच्या गावच्या नदीच्या पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे मोजमाप हा माझा चालू विषय होता, आणि दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे कामाला आली. विंकलरची पद्धत जुनी व स्वस्त आहे. ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून भरायची, मॅंगेनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की तपकिरी साका बसतो, आम्ल घातल्यावर तो विरघळून पाणी पिवळसर होते, आणि मग थायोसल्फेटचे थेंब सोडत जायचे. रंग गवताच्या काडीसारखा फिकट झाला की स्टार्च घालायचे. द्रावण निळे होते, आणि शेवटच्या एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. तिचे आकडे घाटाजवळच्या एका जागी फार जास्त येत होते. मी कारण ओळखले होते, पण सांगितले नाही. बारा दिवसांनी ती बाटली उजेडासमोर धरून माझ्याकडे आली. बुचाच्या खाली, काचेला चिकटून, ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता. त्या जागी पाणी उथळ असल्यामुळे बाटली पूर्ण बुडत नव्हती आणि बुच लावताना हवा अडकत होती. तिने त्या जागेचे अकरा दिवसांचे आकडे लाल शाईने आडवी रेघ मारून बाद केले, खोडले नाहीत, आणि शेजारी कारण लिहिले. पुढचे आकडे मी माझ्या अहवालात वापरले, तिच्या नावासह.

बाद झालेले ते अकरा दिवस माझ्या प्रकल्पाच्या दृष्टीने वाया गेले होते. तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे होते, कारण प्रात्यक्षिकाच्या तासाला उत्तर आधीपासून ठाऊक असते आणि मुले आकडा त्या उत्तराकडे ओढत नेतात. येथे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. अशा दिवसांसाठी पैसा देणारा देणगीदार तुम्हाला मिळावा असे मला मनापासून वाटते, आणि मिळाला तर त्याला हा बुडबुड्याचा प्रसंग अवश्य सांगा.

प्रश्न : आमची कंपनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी-संशोधनाला साहाय्य करू इच्छिते. विषय आमच्या उद्योगाशी निगडित असावेत, विद्यार्थ्यांची निवड आम्ही करावी आणि दर वर्षी किमान तीन शोधनिबंध प्रसिद्ध व्हावेत, अशा अटी घालाव्यात का?
— व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : तिन्ही अटी घालू नयेत. उद्योगाला हवे ते उत्तर काढून घ्यायचे असेल तर तो सल्लागाराचा करार होतो; तो वेगळा करावा आणि त्याचा पूर्ण मोबदला द्यावा. त्याला सामाजिक उत्तरदायित्व म्हणता येणार नाही. निवड महाविद्यालयाच्या समितीने करावी, तिच्यात बाहेरच्या महाविद्यालयाचा एक जाणकार असावा आणि कंपनीच्या प्रतिनिधीने शेवटची व्याख्याने ऐकायला यावे. निवडताना केवळ गुण पाहू नयेत असे सुचवण्याचा अधिकार देणगीदाराला जरूर आहे. एकवीस वर्षांच्या मुलाने दोन महिन्यांत शोधनिबंध प्रसिद्ध करावा असा हट्ट धरला की तो पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि संशोधनाच्या पहिल्याच पायरीवर आपण त्याला खोटेपणा शिकवतो. त्याऐवजी रोजची नोंदवही, पंधरा पानांचा अहवाल आणि गावातल्या लोकांना कळेल असे अर्ध्या तासाचे मराठी व्याख्यान मागावे. हा पुरावा कोणत्याही निबंधापेक्षा तपासायला सोपा आहे.

व्यवहाराच्या दोन बाबी. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि शिक्षणाचा त्या कामांत समावेश आहे, पण हा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. तो प्रत्यक्ष खर्चच व्हावा लागतो. त्यामुळे चालू प्रकल्प म्हणून काही वर्षांची बांधणी करून घ्यावी. एका वर्षाचे साहाय्य देऊन दुसऱ्या वर्षी पाठ फिरवू नये. अर्धवट सोडलेला प्रकल्प विद्यार्थ्याच्या मनात फार काळ राहतो.

प्रश्न : मुलगी गणितात तिसऱ्या वर्षाला आहे. संशोधनासह चौथे वर्ष करायचे म्हणते. महाविद्यालयाने देणगीतून छात्रवृत्ती मिळेल असे सांगितले आहे. भरवसा ठेवावा का?
— पालक, डोंबिवली

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. आधी मुलगी त्या अटीत बसते का ते पाहा. मग महाविद्यालयाला तीन गोष्टी लेखी मागा : मार्गदर्शक कोण, छात्रवृत्ती दरमहा किती, आणि तो पैसा आज संस्थेच्या खात्यात आहे की येणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘येणार आहे’ असे असेल, तर छात्रवृत्ती मिळणार नाही असे धरूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : देणगीदार फक्त विज्ञान शाखेकडे पाहतात. मी इतिहास शिकवते. कला शाखेच्या मुलांना संशोधनात घेण्यासाठी पैसा कशाला हवा, ग्रंथालय आहेच, असे आमच्या संस्थाचालकांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— सहयोगी प्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या संस्थाचालकांना साताऱ्याजवळच्याच औंधची आठवण करून द्या. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केली, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९१८ साली हे काम हाती घ्यावे असा आग्रह धरून त्यासाठी एक लाख रुपयांचे वचन देणारे औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते, आणि ते साहाय्य वर्षावर्षाने द्यायचे ठरले होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली संपले. बाळासाहेब १९५१ साली वारले. एवढ्या वर्षांत देशोदेशींच्या हस्तलिखितांतील एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहणाऱ्या माणसांना वेतन लागत होते, प्रवास लागत होता, हस्तलिखिते मिळवावी लागत होती. मानव्यविद्यांतील संशोधनाला पैसा लागत नाही हे म्हणणे आपल्या स्वतःच्या इतिहासाला धरून नाही.

पदवीच्या मुलांना देता येईल असे काम तर तुमच्या अवतीभवती पडलेले आहे. घराघरांत मोडीतील कागद आहेत, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि ते वाचणारे डोळे दर वर्षी कमी होत आहेत. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढली जाते, मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात, शब्द तोडलेले नसतात, आणि नवख्या वाचणाऱ्याला एक ओळ लावायला तास जातो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर ‘खमस सितैन मया व अलफ’ अशी कालनोंद ठेवून पाहा. खमस म्हणजे पाच, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरल्या जाणाऱ्या सुहूर कालगणनेचा सन ११६५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६४ येते, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने कागद पुढच्या वर्षाच्या वसंतातला असेल तर १७६५. म्हणजे पानिपतानंतर तीन-चार वर्षांनी हा कागद लिहिला गेला, हे त्या मुलाने स्वतः काढलेले असते. मी ही क्रिया एका शिबिरात मुलांच्या शेजारी बसून पाहिली आहे. तारीख लागली तेव्हा तो मुलगा उभा राहिला होता.

याला लागणारा पैसा विज्ञानाहून कमीच आहे : पुण्याला जाण्या-येण्याचे भाडे, तेथे राहण्याची सोय, कागदांच्या प्रती, मोडी जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध अभ्यासकाचे मानधन आणि मुलांचे विद्यावेतन. विद्यावेतन येथेही वगळू नका. संस्थाचालकांना सविस्तर अंदाजपत्रक करून द्या. ‘ग्रंथालय आहेच’ असे म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा कामच डोळ्यांसमोर आणता येत नाही. अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळ ते त्याच्यासमोर आणते. जमल्यास एका मुलाने लावलेला एखादा कागद, मूळ मोडी आणि देवनागरी लिप्यंतर शेजारीशेजारी ठेवून, त्याला जोडा.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. कोकणातील माझ्या महाविद्यालयात दर वर्षी दोन मुलांच्या संशोधनाचा खर्च उचलायची इच्छा आहे. पैसे थेट पाठवता येतील का?
— माजी विद्यार्थिनी, न्यू जर्सी

उत्तर : तुमचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे यावर ते ठरते. तुम्ही अजून भारताच्या नागरिक असाल, तर स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर जन्माने भारतीय असूनही आणि विदेशस्थ भारतीय नागरिकाचे (ओसीआय) कार्ड असूनही ती विदेशी अंशदान ठरते. मग संस्थेची विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी असली पाहिजे आणि पैसा तिच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यावरच आला पाहिजे. लहान गावांतील बहुतेक महाविद्यालयांची अशी नोंदणी नसते. म्हणून आधी संस्थेला नोंदणी क्रमांक विचारा, आणि तो नसेल तर नातेवाइकांच्या नावावर पैसे फिरवून देण्याचा विचार मनातही आणू नका. त्यात सर्वांत जास्त अडचणीत महाविद्यालय येते.

नोंदणी होईपर्यंत तुम्ही वेळ देऊ शकता. तुमचे क्षेत्र पत्रात लिहिलेले नाही, पण ज्या विषयात तुम्ही काम करता त्यात दोन मुलांचे अहवाल वाचून त्यांच्याशी बोलणे हे त्या मुलांना विद्यावेतनाइतकेच उपयोगी पडेल. उन्हाळ्यात तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा येथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. प्राचार्यांना आधी त्या एका तासाबद्दल लिहा.